अकरा वाजता, चाळीस फूट

“अकरा वाजता, चाळीस फूट. मुळांच्या कडेला. टाक!”

मचाणावरून ओडेल पॅजेटचा आवाज आला आणि पुढे होडीच्या नाळेवर उभ्या असलेल्या लोवेलने मनगट झटकलं. रबरी कोळंबी सुळकन हवेतून गेली आणि कांदळाच्या मुळांपाशी पाण्यात पडली. दोघांनीही श्वास रोखला.

“पाहिला!” लोवेल म्हणाला. “मागे मागे आला, नाक लावलं आणि वळला मेला.”

“केवढा होता?”

“चांगला हातभर. कॅप्टन, या वयात तुझी नजर म्हणजे कमाल आहे बाबा.”

ओडेलने लांब काठी गाळात रोवली आणि होडी पुढे रेटली, नेहमीपेक्षा जरा जोरातच. मनातून तो सुखावला होता. का सुखावणार नाही? आजच्या दिवसावर त्याचं सगळं ठरायचं होतं.

कोलार्ड की या आमच्या बेटावर स्नूक नावाचा मासा मारायची रीत ठरलेली आहे. होडीच्या मागच्या टोकाला कमरेएवढं मचाण असतं, त्यावर गाइड उभा राहतो आणि काठीने होडी ढकलतो. मोटार बंद, बोलणं कमी. उंचावरून त्याला पाण्यातलं दिसतं, आणि मासा दिसला की तो घड्याळ सांगतो. नाळ म्हणजे बारा, उजवा हात तीन, डावा हात नऊ. मग किती फूट. गिऱ्हाइकाने ‘कुठे, कुठे’ करत बसायचं नाही, सांगितल्या जागी आमिष टाकायचं. स्नूक मोठा चोखंदळ. मुळांच्या सावलीत दबा धरून बसेल, पण आमिष चार हात बाजूला पडलं तर ढुंकून बघणार नाही. म्हणून आमच्या इथे गिऱ्हाईक मासा मारतं ते गाइडच्या डोळ्यांनी.

आणि ओडेलचे डोळे गेले होते.

सगळे नव्हते गेले. कडेचं दिसायचं, मधलं गेलं होतं. समोरच्या माणसाकडे पाहिलं की त्याचे कान दिसत, टोपी दिसे आणि तोंडाच्या जागी नुसता करडा डाग. शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं होतं की पडद्याचा मधला भाग झिजलाय आणि गेलेलं परत येत नाही. एकोणसत्तर वर्षांच्या ओडेलने ते ऐकून घेतलं, आभार मानले आणि घरी आला. मुलगी नेल्डा सोडली तर हे कोणालाच माहीत नव्हतं. पाण्यात बघायचं तर तो मान तिरकी करायचा आणि जे बघायचं त्याच्या बाजूला बघायचा. तसं केलं की डोळ्याच्या कोपऱ्यात एखादी सावली हलताना सापडायची. बाकीचं काम आठवण करत होती. या खाडीतलं एकेक वळण, एकेक कालवांचा खडक त्याला चव्वेचाळीस वर्षांचा ओळखीचा होता.

पण गेल्या महिन्यात रिकामी होडी घेऊन परतताना, ज्या वळणावरून तो झोपेतसुद्धा गेला असता त्याच वळणावर, होडी कालवांवर चढली. मोटारीच्या पंख्याची दोन पाती तुटली. पोस्टात काम करणारी नेल्डा तशीच धक्क्यावर धावत आली.

“डॅडी, होडीत कोणी असतं तर?”

“नव्हतं ना?”

“पुढच्या वेळी असेल!”

ओडेलने त्यावर पात्यांना शिव्या घातल्या आणि विषय संपवला. संपला मात्र नाही. कॅप्टनचा परवाना दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो, त्याला डॉक्टरचा दाखला लागतो आणि ती तपासणी होती येत्या सोमवारी. आता यात एक गंमत होती. गावातल्या डॉक्टर पर्व्हिसच्या खोलीत भिंतीवर अक्षरांचा जो तक्ता होता, तो वीस वर्षांत बदललेला नव्हता. टी, ओ, झेड. एल, पी, ई, डी. ओडेलला तो वरपासून खालपर्यंत तोंडपाठ होता. उभं राहायचं, घडाघडा म्हणायचं, सही घ्यायची आणि आणखी पाच वर्षं मचाणावर चढायचं. पकडणार कोण?

पण खोटं बोलणं त्या माणसाच्या रक्तात नव्हतं. मासे लागेनासे झाले की बरेच गाइड गिऱ्हाइकाचं मन राखायला ‘तो बघा गेला, थोडक्यात हुकला’ असं ठोकून देतात. ओडेलने कधी नाही केलं. नसलेला मासा त्याने जन्मात कोणाला दाखवला नाही, मग समोर श्रीमंत शेठ बसलेला असो की रुसलेलं पोर. म्हणून त्याने स्वतःशी एक ठराव केला होता. शनिवारी लोवेल येईल. त्याला आपल्या डोळ्यांनी एक मोठा मासा दाखवून गळाला लावून देता आला, तर काम अजून जमतंय, तक्ता म्हणजे मग नुसता कागद. सोमवारी खुशाल म्हणून टाकायचा. नाही जमलं, तर मचाणावरून उतरायचं.

लोवेल स्टानेक ओहायोचा. लोकांच्या न्हाणीघरांत फरश्या बसवता बसवता दोन्ही गुडघे घालवलेला माणूस. बावीस वर्षं दर ऑक्टोबरात दोन दिवसांसाठी यायचा आणि दुसऱ्या कोणाच्या होडीत पाय ठेवायचा नाही. दोघांचं बोलणं ऐकलं तर नवख्याला वाटावं, आता मारामारी होणार.

“गुडघे किती वाजवतोस? त्या आवाजाने मासे मेक्सिकोला पळाले.”

“तुझी काठी काय कमी आपटते? मघाशी वाटलं, कोणी पाण्यात म्हैस ढकलली.”

“तू फरश्यांचं बघ. होडी माझ्याकडे राहू दे.”

“बरं बाबा. पण माझ्या फरश्या बुडत तरी नाहीत.”

भरती चढत होती. मुळांमधून पाणी आत शिरताना बारीक चुळचुळ आवाज येत होता आणि बोयी मासे मधूनच उडी मारून चापट बसावी तसे पडत होते. सकाळपासून ओडेलने सहा वेळा घड्याळ सांगितलं होतं. सहापैकी चार वेळा लोवेल ‘पाहिला’ म्हणाला होता, पण एकही गळाला लागला नव्हता. नुसतं दिसून भागणार नव्हतं. मासा हातात यायला हवा होता.

साडेनऊच्या सुमारास ते खाडीच्या तोंडाशी आले. तिथे उजवीकडे वाळूची जीभ पाण्यात गेलेली आहे आणि डावीकडे कांदळाची एक जाड फांदी पाण्यावर ओणवी झालेली आहे. ओडेलने मान तिरकी केली. वाळूवर, डोळ्याच्या अगदी कोपऱ्यात, काहीतरी लांब, काळं होतं. हललं. नक्की हललं.

“दोन वाजता!” त्याचा आवाज चढला. “दोन वाजता, साठ फूट, वाळूवर. मोठा आहे, लोवेल! टाक, टाक!”

रीळ फिरकन वाजलं. आमिष पाण्यात पडलं.

पण ते पडलं डावीकडे.

ओडेलची मान गर्रकन वळली. चव्वेचाळीस वर्षं पाण्यात पडणारी आमिषं ऐकलेला कान होता तो. दहा वाजता पडलं होतं, फार तर साडेदहा. ‘अरे, कुठे टाकतोस’ हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते, तोच डावीकडे त्या ओणव्या फांदीखाली पाणी फुटलं. बाटलीचं बूच उडावं तसा फट्ट आवाज झाला. स्नूक आमिष गिळतो तो असा. आणि मग रीळ किंचाळायला लागलं.

“बसला! बसला रे!” लोवेल बेंबीच्या देठापासून ओरडला. “अगदी तू सांगितलंस तिथेच!”

ओडेल एक क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्याच्या हातांनी आपलं काम सुरू केलं, कारण मासा मुळांकडे धावत होता आणि मुळांत शिरला की दोरी गेली.

“रॉड खाली घे! खाली! उजवीकडे ओढ. मुळांत जाऊ देऊ नकोस त्याला!”

“ऐकत नाहीये!”

“तुझं कोण ऐकतं? ओढ!”

काठी गाळात खुपसून ओडेलने पूर्ण अंगाचा भार टाकला आणि होडी फांदीपासून मागे खेचली. काठी वाकली, पाठीत कळ आली, पण होडी हलली आणि तिच्यामागे मासाही मोकळ्या पाण्यात आला. उडाला. हवेत त्याने डोकं झाडलं तेव्हा कल्ले फडफडले, ते ओडेलने ऐकलं. आवाजावरून त्याने वजन ओळखलं. असा मासा वर्षात एखादाच लागतो.

दहा मिनिटांनी मासा होडीला लागला. ओडेल खाली उतरून गुडघ्यांवर बसला. एक अंगठा माशाच्या खालच्या जबड्यात, दुसरा हात पोटाखाली. पट्टीवर लोवेलने मापलं, एकोणचाळीस इंच. अठ्ठावीस ते तेहेतीस इंचांतला असला तरच घरी न्यायचा, त्यावरचे म्हणजे अंडी घालणाऱ्या माद्या, त्या पाण्यात परत. ओडेलने तिला पाण्यात सरळ धरली आणि हलके हलके पुढेमागे केली. सरळ पाहिलं तर त्याच्या हातात नुसताच करडा डाग होता. त्याने नजर बाजूला केली आणि मग त्याला दिसली, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत गेलेली ती काळी रेघ. तिने एकदा अंग ताठ केलं, त्याच्या मनगटावर शेपटी मारली आणि गेली.

“बावीस वर्षांत एवढा मोठा नाही लागला मला,” लोवेल धापा टाकत म्हणाला. “हे तुझं काम, कॅप्टन. तू दाखवलास म्हणून.”

“छान टाकलंस,” ओडेल म्हणाला.

तो पुन्हा मचाणावर चढला. त्याचा चेहरा पडला होता, पण पुढे तोंड करून उभ्या असलेल्या लोवेलला ते दिसलं नाही. ओडेलने होडी वळवली आणि वाळूच्या जिभेला वळसा घालून पलीकडे नेली. तिथे ऊन समोरून येत होतं, आणि पाण्याचा नुसता चकचकीत पत्रा झाला होता. चांगल्या डोळ्यालाही त्यातलं काही दिसू नये. पण त्या पत्र्याखाली काय आहे हे ओडेलला ठाऊक होतं. तिथे वाळू वर आलेली होती आणि पुऱ्या भरतीलासुद्धा घोट्याच्या वर पाणी चढत नव्हतं.

“तीन वाजता,” तो म्हणाला. “पन्नास फूट.”

रीळ वाजलं. आमिष बरोबर सांगितल्या जागी पडलं.

“हं... आहे, आहे. पाहिला,” लोवेल म्हणाला. “आला मागे... वळला मेला.”

“केवढा?”

“हातभर.”

ओडेलने काठी गाळात खोल रोवली, होडी तिला बांधली आणि मचाणावरच बसला.

“लोवेल, तिथे घोटाभर पाणी आहे. खेकडा उभा राहिला तर त्याची पाठ कोरडी राहील.”

लोवेलने रीळ फिरवणं थांबवलं.

“वाळूवर काय होतं मघाशी?” ओडेलने विचारलं.

“ओंडका.”

“आणि मासा?”

“फांदीखाली. दहा वाजता.”

“सकाळपासून जे चार पाहिलेस ते?”

“एक खरा होता,” लोवेल म्हणाला. “शपथ. दुसरा.”

“कधीपासून चाललंय हे?”

“गेल्याच्या गेल्या वर्षापासून. तू एका समुद्रगायीला स्नूक म्हणालास.”

“आणि तू काय केलंस?”

“टाकलं आमिष. म्हटलं, कॅप्टन म्हणतोय तर असेल. जरा थोराड आहे एवढंच.”

ओडेलला हसू फुटलं. आवरेना. दोन्ही हातांनी गुडघे धरून तो हसत राहिला आणि लोवेलही हसला, आणि मग एकाएकी ओडेल हसायचा थांबला.

“लाज नाही वाटली तुला?” तो म्हणाला. “आत्ताचा हा एक सोडला, तर मी कधी कोणाला खोटा मासा दाखवला नाही. तुला तर नाहीच नाही. आणि तू दोन वर्षं मला माझीच नजर खोटी दाखवलीस? अरे, आज सकाळपासून मी काय खूश होतो! मला वाटलं, जमतंय. म्हातारा अजून कामाचा आहे!”

“कामाचा नाहीस असं कोण म्हणालं?”

“तो ओंडका म्हणतोय!”

लोवेल रॉड ठेवून मागे आला. गुडघे कुरकुरले. मचाणाच्या पायाशी पाण्याच्या पेटीवर तो बसला.

“आयरीन गेली त्या वर्षी मी आलो होतो,” तो म्हणाला. “आठवतंय? बायकोला पुरून नऊ दिवस झाले होते. मुलगी म्हणाली, जाऊ नका, लोक काय म्हणतील. मी आलो. भर होडीत, नाळेवर उभा राहून मी रडायला लागलो, हुंदके देऊन. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, चला परत, बसा, पाणी प्या. तू एक शब्द बोलला नाहीस. काठी मारत राहिलास. आणि जरा वेळाने म्हणालास, ‘अकरा वाजता, चाळीस फूट.’”

“मासा होता तिथे.”

“होता ना. आणि मी टाकलं. त्या दिवशी तू मला घरी परत धाडलं असतंस तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. मग तुझ्यासाठी दोन ओंडक्यांवर आमिष टाकलं तर काय बिघडलं माझं?”

ओडेलला राग धरून ठेवायचा होता, पण तो हातातून निसटत होता. पिशवीतून त्याने धुरावलेल्या बोयीचा डबा आणि खारी बिस्किटं काढली, कारण अशा वेळी हातांना काहीतरी काम लागतं. दोघांनी खाल्लं. आणि खाताखाता ओडेलने त्याला सोमवारची तपासणी सांगितली, तक्ता पाठ असल्याचं सांगितलं आणि आजचा ठरावही सांगितला.

“मग म्हण ना तक्ता!” लोवेल एकदम उजळला. “कोणाला कळतंय? पुढच्या ऑक्टोबरात मी आलोच. तू ढकल, मी बघतो. आपलं झकास चाललंय की.”

“तुझं चाललंय. बाकीच्यांचं काय? बाप दोन पोरांना घेऊन येतो. पोरं पुढे पाय सोडून बसतात. आणि मी त्या कालवांच्या वळणावरून भरधाव यायचं, डोळ्यांपुढे करडा डाग घेऊन?” त्याने डब्याचं झाकण लावलं. “तू डोळस आहेस म्हणून मी आंधळा नाही, असं थोडंच आहे?”

लोवेल उठला, आणि त्याने काठीला हात घातला.

“उतर खाली.”

“का?”

“तू नाळेवर जा. मी ढकलतो.”

“डोकं फिरलं काय तुझं? गिऱ्हाइकाच्या दिवशी गाइडने स्वतः आमिष टाकायचं नसतं.”

“आजचा दिवस माझा आहे ना? मग माझ्या दिवशी काय करायचं ते मी ठरवणार. चव्वेचाळीस वर्षं लोकांच्या पाठी बघितल्यास, आता पुढे होऊन बघ.”

ओडेलने त्याला दोन शिव्या हासडल्या, पण उतरला. नाळेवर उभं राहिल्यावर त्याला कळेना, हातांचं काय करायचं. आणि मागे लोवेलने काठी मारली ती अशी की होडी जागच्या जागी गोल फिरली.

“फरशी नाहीये ती, ठोकून बसवायला!” ओडेल न बघता ओरडला. “हलकेच रोव. अंगाने ढकल, हातांनी नको.”

“तू पुढे बघ.”

“बघून काय करू?”

“मग ऐक!”

आणि ओडेलने ऐकायला सुरुवात केली. एरवी काठी मारताना, गिऱ्हाईक सांभाळताना, वाऱ्याचा अंदाज घेताना कानाला कधी अशी मोकळीक मिळाली नव्हती. त्याने डोळे मिटून घेतले, नाहीतरी ते मधेमधेच करत होते. मुळांतून पाणी शिरत होतं. लहान कोळंब्या टिकटिक करत होत्या. बोय उडाली, पडली. डावीकडे लांब एक पेलिकन पक्षी माशावर धपकन पाण्यात कोसळला. आणि मग, उजव्या हाताला, पानांच्या सावलीत कुठेतरी, फट्ट.

रॉड मागे गेला आणि पुढे आला. लोवेल पुढे कित्येक दिवस सगळ्यांना सांगत होता की त्याने तसं आमिष टाकलेलं कधी पाहिलं नव्हतं. फांदी आणि पाणी यांच्यामध्ये वीतभर जागा होती. आमिष त्या फटीतून आडवं आत गेलं, पान हललं नाही, आणि पाण्याला लागताक्षणी मासा त्यावर तुटून पडला.

“डोळे मिटलेले होते तुझे!” लोवेल किंचाळला. “मी बघितलं! मिटलेले होते!”

“होडी मागे घे, गाढवा! मागे!”

लोवेलने काठी रोवली, जोर लावला, आणि होडी पुढे गेली. मासा मुळांत शिरला, कल्ल्याची धार दोरीला लागली आणि दोरी सैल पडली.

“गेला,” ओडेल म्हणाला. तुटलेलं टोक त्याने बोटांनी चाचपलं आणि तो हसला, लहान मुलासारखा तोंड भरून. “गेला रे. चांगला होता.”

परतताना त्याने सुकाणू लोवेलच्या हातात दिलं आणि स्वतः शेजारी उभा राहिला. डावीकडे घे. आता मोडका खांब येईल. आता वेग कमी कर, इथे कालवं आहेत. एकही गोष्ट चुकली नाही. पण चाक त्याच्या हातात नव्हतं, आणि ते धक्क्यावरच्या सगळ्यांनी पाहिलं.

सोमवारी नेल्डाने पोस्टातून सुट्टी घेतली आणि त्याला डॉक्टर पर्व्हिसकडे नेलं. रक्तदाब झाला, छाती तपासून झाली. मग डॉक्टरने एक डोळा झाकायला सांगितला.

“कॅप्टन, खालून तिसरी ओळ वाचा.”

ओडेल रेघेवर उभा राहिला. अक्षरं आपोआप जिभेवर आली. तोंड उघडायचा अवकाश. त्याच्या मनात मचाण आलं, पायाखालची ती हलणारी फळी, सकाळचं पाणी. पाच वर्षं. एका ओळीत पाच वर्षं.

“डॉक्टर, म्हणून दाखवू की वाचून?”

“म्हणजे?”

“म्हणायची असेल तर खालून वर, वरून खाली, कशीही म्हणतो. पण वाचायची असेल तर तुमचा तक्ता कुठल्या भिंतीवर आहे, तेही मी अंदाजानेच सांगेन.”

डॉक्टर पर्व्हिसने खुर्ची ओढून ओडेलजवळ घेतली.

“मी तो तक्ता बदलायला हवा होता,” तो म्हणाला.

“पाच वर्षांपूर्वी बदलायचा होता,” ओडेल म्हणाला. “तेव्हा वाचला असता. लिहा, खरं काय ते लिहा. कागद अर्धवट ठेवू नका.”

दवाखान्यामागे कालवा आहे आणि कालव्याला लागून एक जुना धक्का. नेल्डा तिथल्या कठड्याला टेकून उभी होती. बापाला येताना पाहून ती पुढे झाली. त्याच्या चालण्यावरूनच तिला समजलं होतं.

“झालं, डॅडी?”

“झालं.”

तिने त्याचं कोपर धरलं. एरवी कोणी असं धरलेलं त्याला चालत नसे, पण आज त्याने हात सोडवून घेतला नाही. तिचे डोळे भरून आले होते. आपल्या बापाला उद्या सकाळी पाच वाजता जाग येईल, तो कॉफी करेल, आणि मग त्याला कुठे जायचं नसेल. काहीतरी बोलावं म्हणून तिने तोंड उघडलं, तोच मागे पाण्यात आवाज झाला. फट्ट.

ओडेल जागच्या जागी थांबला. वळला नाही. पाण्याकडे त्याची पाठ होती, पाय गाडीच्या दिशेने होते.

“सात वाजता,” तो म्हणाला. “तीस फूट. धक्क्याच्या तिसऱ्या खांबाशी.”

नेल्डाने वळून पाहिलं. तिसऱ्या खांबापाशी पाण्यावर वर्तुळं पसरत होती, आणि त्यांच्या मधोमध, हातभर खाली, एक काळी रेघ खांबाच्या सावलीत सावकाश शिरत होती.

“आहे का?” ओडेलने विचारलं. “खरं सांग.”

“आहे, डॅडी. खरंच आहे.”

ओडेलने मान डोलवली. मग तो चालत गाडीपाशी गेला, हाताने चाचपत चालकाच्या पलीकडचं दार उघडलं आणि नेल्डाच्या शेजारच्या सीटवर बसला.